जाते नाही, येते म्हणावं

मीरा रोडजवळच्या हाटकेशला ज्या गाळ्यात मी नोकरी करत होते तिथे स्टीलचे चमचे पॉलिश व्हायचे. खाली मशीनं, वर पोटमाळ्यावर ऑफिस. ऑफिस म्हणजे दोन टेबलं, लक्ष्मीचा फोटो, शेठची फिरती खुर्ची आणि एक कॉम्प्युटर. शेठ गुजराती, कारागीर उत्तर प्रदेशचे, शेजारच्या गाळ्यातला प्लास्टिकवाला मारवाडी. सकाळी घरून निघाले की संध्याकाळपर्यंत माझ्या तोंडून मराठीचा एक शब्द निघायचा नाही. रिक्षावाल्याशी हिंदी, शेठशी हिंदी, आणि शेठच्या आईचा फोन आला तर मोडकंतोडकं गुजराती. गिरगावातून मीरा रोडला राहायला आलो तेव्हा नवरा म्हणाला होता, इथे तेवढ्याच पैशात जागा मोठी मिळते. जागा मोठी मिळाली हे खरं. बोलायला मात्र कुणी नव्हतं, आणि मला बोलल्याशिवाय अन्न पचत नाही.

म्हणून कट्टा. दोन हजार सालानंतरची ती पहिली वर्षं. एक मराठी संकेतस्थळ होतं, त्यावर लेख, कविता, पाककृती असं बरंच काही असायचं. त्यातलं एक पान नुसत्या गप्पांसाठी राखलेलं, त्याला सगळे कट्टा म्हणायचे. इंग्रजी अक्षरं बडवली की पडद्यावर मराठी उमटायचं. शेठला कॉम्प्युटर लागायचा तो दिवसातून दोनदा, भावाची मेल बघायला. बाकी वेळ तो माझाच. बिलं करता करता मी पान उघडून ठेवायची आणि जिन्यावर चपलांचा आवाज आला की खाली सारायची.

तिथे काय बोलायचो, असं कुणी विचारलं तर सांगता येणार नाही. म्हणजे सांगण्यासारखं काही नसायचंच.

"चहा झाला का?"

"झाला. पण आज दूध नासलं."

"पनीर करा की."

"पावशेर दुधाचं कसलं पनीर, काका?"

असं दिवसभर. हे काका म्हणजे पुण्याचे, बँकेतून निवृत्त झालेले, आणि बायकोने दुपारी टीव्हीपुढून उठवलं की कट्ट्यावर येऊन बसणारे. दुसरा एक अमेरिकेतला मुलगा होता. मुलगा म्हणजे चांगला तिशीचा, पण आमच्या लेखी मुलगाच. आमचा सकाळचा चहा व्हायचा तेव्हा त्याची झोपायची वेळ. आणखीही लोक येत-जात, पण रोजचे आम्ही चौघंच. खरं नाव कुणाला कुणाचं ठाऊक नव्हतं. जो तो एक टोपणनाव घेऊन आलेला.

चौथी ती. रोज सगळ्यांच्या आधी यायची आणि लिहायची, "चहा झाला का?" तिने ते लिहिल्याशिवाय कट्टा उघडला असं कुणाला वाटायचंच नाही. तिची भाषा पुस्तकातल्यासारखी स्वच्छ. आमचं शुद्धलेखन दुरुस्त करायची. काका एकदा 'शिर्षक' लिहून गेले तर "काका, शीर्षक. बँकेत चेकवर अशीच सही करायचात का?" असं सुनावलं. काका त्यावर खूश. मला वाटायचं ही पुण्याकडून लग्न होऊन इकडे आलेली एखादी मास्तरीण असणार. ती मात्र म्हणायची, "मी शिवणकाम करते. शिक्षण म्हणाल तर गावची मराठी शाळा आणि वाचनालय."

इकडे म्हणजे भाईंदरच्या बाजूलाच, एवढं मला कळलं होतं. कधीतरी सहज म्हणाली होती, "आमच्याकडे बस संपते. पुढे समुद्रच." वारा फिरला की खिडक्या लावून घेते म्हणायची, सुकटीचा वास येतो म्हणून. त्यावर पुण्याचे काका 'शिव शिव' करायचे आणि ती मुद्दाम जवळ्याच्या चटणीची कृती द्यायची. मुलगा जहाजावर नोकरीला होता, त्याच्याशी बोलता यावं म्हणून घरात कॉम्प्युटर आला आणि मग ती कट्ट्यावर आली. मी एकदा विचारलं, अगं, एवढी जवळ राहतेस, भेटू या की. ती म्हणाली, "भेटलो तर मग बोलायला काय उरेल?" मला जरा राग आला होता. मग मीही विषय सोडून दिला.

एका बाबतीत मात्र ती फार कडक होती. घरातून निघताना 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं, हे आपल्याकडे लहान पोरांनाही ठाऊक असतं. पण कॉम्प्युटरसमोर कुठे कोण घरातून निघतंय? अमेरिकेतला मुलगा बिनधास्त लिहायचा, "चला मंडळी, जातो झोपायला." लगेच तिचं यायचं, "जातो नाही. येतो म्हण."

"झोपायला येतो कसं म्हणू? कुठे येतो?"

"उद्या इथेच येणार आहेस ना? मग तेच म्हण."

आणि तो बिचारा "येतो झोपायला" लिहून झोपायचा. हळूहळू आम्हा सगळ्यांनाच सवय लागली. शेठचा पाय जिन्यावर वाजला तरी पान मिटण्याआधी मी घाईघाईत 'येते' टंकायची. तेवढ्या घाईत 'येत' उमटायचं, पण ते तिला चालायचं.

माझा स्वभाव काळजीखोर. मला काळजी करायला कारण लागत नाही, आणि मिळालं तर मग बघायलाच नको. तेव्हा त्या उन्हाळ्यात तिने कट्ट्यावर एक प्रश्न विचारला आणि माझ्या मनात पाल चुकचुकली, यात नवल काही नाही. तिने विचारलं, "आपल्या कॉम्प्युटरचा पासवर्ड घरात कुणाला तरी सांगून ठेवावा का?" काकांनी लिहिलं, "नवऱ्याला सोडून कुणालाही सांगावा." हसणं झालं. ती म्हणाली, "नवरा नाही हो, काका. म्हणून तर विचारतेय." मग कैरीच्या पन्ह्याचा विषय निघाला आणि ते राहिलं. त्याच आठवड्यात ती म्हणाली, "सुटले बाई, शेवटचा पांढरा फ्रॉकही शिवून झाला." दरवर्षी उन्हाळ्यात ती ढिगाने पांढरे फ्रॉक शिवायची. आम्हाला वाटायचं, शाळेच्या गॅदरिंगचे असतील.

पुढच्या सोमवारी मी बिलं आटपून डबा खायच्या आधी पान उघडलं. तिचा निरोप आलेला होता.

"सगळ्यांनी चहा वेळेवर घेत जा. जाते."

मी दोनदा वाचलं. वाटलं, चुकून झालं असेल. पण ती कधी चुकायची नाही. आणि 'येते'चं 'जाते' चुकून होतं का? 'वाय'च्या जागी 'जे' पडायला ती दोन बटणं शेजारी तरी हवीत. मी कीबोर्डवर खाली वाकून पाहिलं. नव्हती शेजारी.

तोवर काकांनी पाहिलं होतं. "दळायला बसलीस की काय? आम्ही समजलो जातं!" अमेरिकेतला मुलगा तर आनंदाने वेडा झालेला. इतक्या दिवसांनी त्याला संधी मिळाली होती. त्याने मोठ्या अक्षरांत लिहिलं, "जाते नाही! येते म्हण!" आणि पुढे हसऱ्या चेहऱ्यांची रांग.

तिचं उत्तर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कट्टा कोरा. प्रत्येकजण येऊन बघून जात असणार, पण चहाचं तिनेच विचारायचं, अशी रीत पडून गेलेली. शेवटी काकांनी लिहिलं, "आज कुणी चहा विचारला नाही?" मी लिहिलं, "झाला." आणि बिलांकडे वळले. खाली पॉलिशची मशीनं घरघरत होती. मी एकाच बिलात तीनदा चुकले आणि शेठ म्हणाले, "बेन, आज ध्यान किधर है?"

मी तिला खासगी निरोप पाठवला: बरी आहेस ना? मग आणखी एक: नुसतं हो म्हण. उत्तर नाही. कट्ट्यावर सगळे आपापल्या परीने समजूत काढत होते. वीज नसेल. कॉम्प्युटर बिघडला असेल. मुलगा जहाजावरून आला असेल. माझ्या डोक्यात मात्र एकच बसलं होतं, आणि ते बोलून दाखवायची भीती वाटत होती. विधवा बाई, एकुलता मुलगा समुद्रात, पासवर्ड सांगून ठेवायची भाषा, हातातलं काम पुरं करून मोकळी झालेली, आणि मग 'जाते'. तिने जिवाचं काही बरंवाईट करून घेतलं असेल तर? आणि तिकडे कट्ट्यावर हसरे चेहरे चिकटवले जात होते.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो बातम्या बघत होता.

"तिचं नाव काय?"

"माहीत नाही."

"पत्ता?"

"नाही."

"तिला तुझं नाव माहितेय?"

"नाही."

"मग तू नेमकी कुणाची काळजी करतेयस?"

मी ताट जरा जोरातच आपटलं. त्याचं चुकत नव्हतं म्हणूनच राग आला. नात्यातली बाई असती तर फोन केला असता, शेजारीण असती तर बेल वाजवली असती. हिच्यासाठी काळजी करायचा मला अधिकार काय, हेच कुणाला समजावता येत नव्हतं. तरी सकाळी उठले की आधी कट्टा आठवायचा आणि मग घर.

मग एके दिवशी काकांचा खासगी निरोप आला. ते आजवर कधी खासगीत बोलले नव्हते. लिहिलं होतं, "तुम्ही त्या बाजूला राहता. जाऊन बघता का? मी थट्टा करून बसलो, तेव्हापासून जेवण गोड लागत नाही. हे कट्ट्यावर बोलू नका." मला बरं वाटलं. काळजी करणारी मी एकटी नव्हते.

पण जाऊन विचारायचं कुणाला? ते मला मीरा रोडच्या भाजीबाजारात सुचलं. मेथी निवडत होते, तेवढ्यात समोरून एक कुटुंब आलं. आईबाप नटलेले, आणि मध्ये आठ-नऊ वर्षांची मुलगी पांढऱ्याशुभ्र फ्रॉकमध्ये, डोक्यावर पांढरी जाळी, हातात मेणबत्ती. चर्चमधून निघालेले असणार. मी मेथी तशीच टाकली. पांढरे फ्रॉक. दर उन्हाळ्यात ढिगाने. गॅदरिंग कसली डोंबलाची, ते चर्चमधल्या मुलींच्या पहिल्या कम्युनियनच्या समारंभाचे फ्रॉक होते! म्हणजे ती ख्रिश्चन. बस संपते, पुढे समुद्र, सुकटीचा वास. भाईंदरच्या टोकाचं उत्तन. आमच्यातली सगळ्यात स्वच्छ मराठी लिहिणारी बाई उत्तनच्या कोळीवाड्यातली होती आणि गणपतीत आम्ही तिला मोदकाच्या कळ्या का जमत नाहीत म्हणून चिडवत होतो. ती म्हणायची, "नाही बाई जमत," आणि खरंच तर सांगत होती.

रविवारी मी भाईंदर पश्चिमेला जाऊन उत्तनची बस पकडली. नवऱ्याला म्हटलं, मैत्रिणीकडे जातेय. तो म्हणाला, "पत्ता मिळाला?" मी म्हटलं, "नाही." त्याने पाण्याची बाटली भरून दिली.

मुर्धा, राई, मोर्वा अशी गावं मागे पडली, मिठागरं लागली. खिडकीतून पांढरे ढीग दिसत होते आणि मी मनातल्या मनात काय बोलायचं त्याची तयारी करत होते. ती ठीक असली तर काय म्हणू? ठीक नसली तर तिच्या माणसांना काय सांगू, मी कोण? बस थांबली तिथून खाली उतरले. दोन्हीकडे बांबूंवर बोंबील टांगलेले. एक म्हातारी त्यांच्या सावलीत बसून सुकट पाखडत होती. तिला विचारलं, "कम्युनियनचे फ्रॉक शिवतात ना एक बाई? घरी कॉम्प्युटर आहे. मुलगा जहाजावर असतो."

म्हातारीचे हात थांबले.

"तिच्याकडं आलीस? कालच आनली तिला."

आणली. आपल्याकडे रुग्णालाही आणतात आणि मढंही आणतात. शब्द एकच. घर कुठलं, एवढंच मी विचारलं.

"त्या निळ्या दाराचं घर हाय," म्हातारी म्हणाली आणि पुन्हा पाखडायला लागली. "मानसं हायेत बसलेली."

निळं दार उघडं होतं आणि दाराबाहेर चपलाच चपला. बायकांच्या, पुरुषांच्या, लहान मुलांच्या. एवढ्या चपला एकतर लग्नाला असतात नाहीतर... मी पुढचा विचार करायचं थांबवलं. परत फिरावं असंही वाटलं. खरंच वाटलं. कळलं नाही तर निदान आशा तरी राहील, असलं काहीतरी वेडगळ मनात आलं. तेवढ्यात आतून कुणी बाई हसली. मयताच्या घरी असं कुणी हसत नाही. मी आत गेले.

ती खाटेवर उशीला टेकून बसली होती. माझ्याहून मोठी, पन्नाशीकडे झुकलेली. गळ्याभोवती पांढरी पट्टी. चर्चमधून परतणारे शेजारीपाजारी बघायला आले होते आणि कुणीतरी चहा फिरवत होतं. मला कुणी ओळखेना. सगळे माझ्याकडे बघायला लागले. दोन वर्षं जिला 'अगं' म्हणत होते तिच्यासमोर उभं राहून माझ्या तोंडून निघालं,

"तुमचा... चहा झाला का?"

तिचे डोळे आधी मोठे झाले आणि मग भरून आले. तिने तोंड उघडलं, पण शेजारच्या बाईने लगेच हात वर केला. "बोलाचं न्हाय तिला. डाक्टरनी सांगितलंय, आठवडाभर एक शब्द न्हाय."

गळ्यातली गाठ काढली होती, हे त्या बाईनेच सांगितलं. गाठ तपासायला पाठवलीय, रिपोर्ट यायचाय. खाटेवरून तिने मला हाताने जवळ बोलावलं, मग उठली आणि कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. शेजारणीने तिथे दोन खुर्च्या मांडल्या. तिने कट्ट्याचं पान उघडलं, उत्तर लिहायची चौकट उघडली, आणि लिहिलं, पण पाठवलं नाही.

"तू म्हण. कट्ट्यावर तू म्हणतेस ना."

मला बोलता येत होतं, तरी मीही टंकूनच उत्तर दिलं. घरात एवढी माणसं होती. शिवाय आमची तीच सवय होती. एका कीबोर्डवर दोघींचे हात, ती लिहायची, मग मी. मी लिहिलं, "हे काय करून बसलीस? आम्हाला काय वाटलं असेल?"

"काय वाटलं?"

"वाईट वाटलं. फार वाईट. 'जाते' का लिहिलंस?"

तिने कीबोर्ड आपल्याकडे ओढला. मग सावकाश एकेक अक्षर उमटायला लागलं.

"आमच्या घरात बोटीवर जाणारा माणूस 'जातो' म्हणाला तर त्याला पायरीवरून परत बोलवायचे. पाणी द्यायचे. 'येतो' म्हटल्याशिवाय सोडायचे नाहीत. येतो म्हणणं म्हणजे शब्द देणं. मी डॉक्टरला विचारलं, बरी होऊन येईन ना? तो म्हणाला, गाठ काढल्याशिवाय काही सांगता येणार नाही. तो शब्द देत नव्हता. मग मी तुम्हाला कसा देऊ?"

मला रडू आलं आणि त्याच वेळी भयंकर रागही आला. मी बटणं बडवून लिहिलं, "मग काही न लिहिता गेली असतीस तरी चाललं असतं! माझ्या जिवाला घोर लावलास. काकांचं जेवण सुटलं."

"न सांगता जाऊ नये," तिने लिहिलं. आणि मग, "काकांचं जेवण सुटलं? खरंच?" ती हसायला गेली आणि गळा दुखला म्हणून हाताने धरून बसली.

तिने एकच गोष्ट मागितली. कट्ट्यावर यातलं काही सांगायचं नाही. तिथे कुणी तिला तब्येत विचारू लागलं तर चहा कोण विचारणार, असं तिने लिहिलं. मी विचारलं, "आणि 'येते' कधी म्हणशील?" तिने लिहिलं, "डॉक्टर शब्द देईल तेव्हा मीही देईन." मग बोटाने एक बटण दाबून धरलं आणि आमचं सगळं बोलणं मागून पुढे पुसत गेलं. चौकट रिकामी झाली.

निघताना मी दारात चपला शोधल्या आणि सवयीने म्हटलं, "येते." ती खाटेपर्यंत परत गेली होती. शेजारीण काही बोलायच्या आत, डॉक्टरचं न ऐकता, घोगऱ्या आवाजात ती म्हणाली, "ये." तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो तेवढाच.

सोमवारी मी कट्ट्यावर कळवलं, "तिला भेटले. घरी आहे." पुढे 'येईल' असं लिहायला बोटं धजेनात. म्हणून लिहिलं, "चहा पितेय." काकांनी लगेच लिहिलं, "मग ठीक आहे," आणि खाली पुन्हा एकदा, "मग ठीक आहे."

रिपोर्ट चांगला आला नाही. मुंबईला मोठ्या इस्पितळात उपचार सुरू झाले, हे मला तिने खासगीत कळवलं. तरी महिन्याभरात ती कट्ट्यावर परतली. एका सकाळी पान उघडलं तर वर लिहिलेलं, "चहा झाला का?" काकांनी त्या दिवशी पाच वेळा चहा झाला म्हणून लिहिलं. अमेरिकेतला मुलगा आपल्या मध्यरात्री जागा राहिला. सगळं पहिल्यासारखं झालं, असं सगळ्यांना वाटलं.

मला नाही वाटलं. कारण मी रोज शेवट वाचायची. ती आता निरोप घेत नव्हती. बोलता बोलता मध्येच नाहीशी व्हायची, स्वयंपाकघरात उठून गेलेल्या बाईसारखी. 'जाते' नाही, 'येते' नाही. इतरांच्या ते लक्षातही आलं नाही. एकदा अमेरिकेतल्या मुलाने मुद्दाम लिहिलं, "चला, जातो," आणि ती टोकेल म्हणून वाट बघत बसला. तिने लिहिलं, "शांत झोप." तो म्हणाला, "आज ओरडा नाही?" त्यावर तिचं काहीच आलं नाही. मी पोटमाळ्यावर बसून ते वाचत होते आणि समोरचं बिल अर्धंच राहिलं.

तिच्या तपासणीचे दिवस मला ठाऊक असायचे. त्या दिवशी मी शेठला उगीच घरचं काम सांगून देवळात जाऊन यायची. देवळात जाताना वाटायचं, तिच्यासाठी चर्चमध्ये जायला हवं का? मग दोन्हीकडे हात जोडायची, एकीकडे आत आणि एकीकडे रस्त्यावरूनच. तपासणीनंतर ती खासगीत लिहायची, "अजून बघू म्हणतात." मी विचारायची नाही की शब्द दिला का. दिला असता तर कट्ट्यावर दिसला असता.

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा पांढरे फ्रॉक सुरू झाले. या वेळी मला सांगायला लागलं नाही ते कसले. एका दुपारी कैरीच्या लोणच्यावरून वाद जुंपला होता. काका म्हणत होते मोहरी फेसलीच पाहिजे, ती म्हणत होती आमच्याकडे व्हिनेगर घालतात, आणि काका 'शिव शिव' करत होते. खाली मशीनं चालू होती, माझ्यासमोर बिलांचा गठ्ठा होता. त्या गडबडीत तिची एक ओळ आली.

"गॅसवर दूध ठेवलंय. येते."

काकांनी लगेच खाली लिहिलं, "व्हिनेगर म्हणजे लोणच्याचा खून." दुसऱ्या कुणी एकीने लसणाचं विचारलं. ती ओळ वर सरकायला लागली. कुणीच थांबलं नाही. मी मात्र दोन्ही हातांनी टेबल धरून बसले, आणि जिन्यावर चपलांचा आवाज आला तरी पान खाली सारायचं सुचलं नाही.

शेठने माझं तोंड बघितलं. "क्या हुआ, बेन? घर पे सब ठीक?"

"हां, शेठ," मी म्हटलं. "सब ठीक."

ते पंखा मोठा करून आपल्या खुर्चीत बसले. मी डोळे पुसले, चष्मा परत लावला, आणि लोणच्याच्या भांडणात मध्येच लिहिलं,

"ये."